हृदयाचा एमआरआय सुरू करताय? लायसन्सच्या आधी श्वासाकडे बघा

लातूरहून एका एमआरआय टेक्नॉलॉजिस्टने विचारलंय: "आमच्याकडे १.५ टेस्लाचं मशीन आहे. वर्षभरापूर्वी कार्डियाक पॅकेज घेतलं. सहा रुग्णांचे हृदयाचे स्कॅन केले, त्यातल्या चौघांच्या इमेज हलल्या. एकाची नाडी अनियमित होती, त्याचा स्कॅन पंचवीस मिनिटं जास्त चालला. कंपनीचा इंजिनिअर म्हणतो, मशीनमध्ये काही दोष नाही. कार्डिऑलॉजिस्ट पुन्हा रुग्ण पुण्या-हैदराबादला पाठवायला लागलेत. आता मालक म्हणतायत, टी-वन मॅपिंगचं लायसन्स घेऊ, म्हणजे सेंटरचं नाव होईल. घ्यावं का? आणि आम्ही नेमकं कुठे चुकतोय?"

मी रेडिऑलॉजिस्ट आहे आणि मराठवाड्यातच बारा वर्षांपासून हृदयाचे एमआरआय करते. सुरुवातीची दोन वर्षं माझीही तुमच्यासारखीच गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही टी-वन मॅपिंगच्या, म्हणजे हृदयाच्या स्नायूची स्थिती आकड्यात मोजणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, लायसन्सबद्दल विचारलंत, पण तुमची अडचण त्याच्या बरीच अलीकडे आहे. तुमच्या मशीनवर, तुमच्या भागातल्या रुग्णावर, तुमच्या हातून आज जो आकडा निघाला, तोच रुग्ण उद्या पुन्हा झोपवला तर तोच आकडा निघेल का? याचं उत्तर "हो" असेल तर तुमच्याकडे पद्धत आहे. नसेल तर फक्त सॉफ्टवेअर आहे. पद्धत विकसित करायची म्हटलं की आपल्याला वाटतं ते परदेशातल्या प्रयोगशाळेचं काम. निम्मं काम तिथे होतं हे खरंच आहे. पण उरलेलं निम्मं, म्हणजे ती पद्धत आपल्या माणसांवर चालवून दाखवणं, ते आपल्याच टेबलावर व्हायला लागतं.

काही गोष्टी मला इथून सांगता येणार नाहीत. तुमच्याकडे हृदयासाठीची बहुचॅनल कॉईल (सिग्नल पकडणारं, छातीवर ठेवायचं साधन) आहे की पोटाच्या कॉईलवर भागवताय, ग्रेडियंट किती ताकदीचे आहेत, महिन्याला किती रुग्ण येतील, रिपोर्ट करणाऱ्या डॉक्टरांना एका केसला तासभर देता येतो का, यावर बरंच काही अवलंबून आहे. चुंबकाची १.५ टेस्ला ही ताकद मात्र कमीपणाची गोष्ट मानू नका. हृदयाच्या सिने इमेजमध्ये (हलत्या हृदयाच्या चित्रफितीत) ३ टेस्लावर काळे पट्टे जास्त त्रास देतात. सुरुवातीला १.५ बराच.

आता इमेज का हलतात ते बघू. माळेगावच्या जत्रेतला आकाशपाळणा डोळ्यांसमोर आणा. रात्रीची वेळ, कॅमेरा मंद, एका क्लिकमध्ये फोटो येत नाही. मग काय करायचं? लाल पाळणा वर आला की फोटोची एक पट्टी काढायची, पुढच्या फेरीत तो पुन्हा वर आला की दुसरी पट्टी, असं करत दहा-बारा फेऱ्यांत एक फोटो जुळवायचा. हृदयाचा एमआरआय साधारण असाच होतो. ईसीजीची आर लाट (प्रत्येक ठोक्याचं सगळ्यात उंच टोक) म्हणजे लाल पाळणा वर आल्याची खूण. दोनच अटी आहेत. पाळणा दर फेरीला सारख्या वेगानं फिरला पाहिजे आणि तो ज्या जमिनीवर उभा आहे ती खालीवर होता कामा नये. पहिली अट नाडीची, दुसरी श्वासाची. श्वासाबरोबर डायफ्रॅम हलतो, त्याच्यावर टेकलेलं हृदय हलतं आणि पट्ट्या एकमेकींवर बसत नाहीत.

हिशेब करून बघा. नाडी ७५ असेल तर एका ठोक्याला ८०० मिलिसेकंद. मशीन इमेजची माहिती ओळी-ओळीनं गोळा करतं. एक ओळ घ्यायला ३ मिलिसेकंद लागतात असं धरू. एका ठोक्यात प्रत्येक अवस्थेसाठी १२ ओळी घेतल्या तर एका अवस्थेला ३६ मिलिसेकंद, म्हणजे ठोक्याच्या साधारण २२ अवस्था मिळतात. इमेजला १५० ओळी हव्यात, म्हणजे १३ ठोके, म्हणजे १० सेकंदांहून जरा जास्त श्वास रोखायचा. पॅरलल इमेजिंग (कॉईलच्या अनेक चॅनलांच्या मदतीनं कमी ओळींत इमेज पूर्ण करण्याची सोय) दुपटीनं लावलं तर हेच ७ ठोक्यांत, सहाएक सेकंदांत होतं. आणि असे दहा-बारा काप घ्यायचे असतात. कंपनीचा मूळ प्रोटोकॉल निरोगी, कमी नाडीच्या माणसावर बसवलेला असतो. तुमच्याकडे येणारा रुग्ण कोण? इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदयातलं किती टक्के रक्त बाहेर ढकललं जातं तो आकडा) २५, नाडी १०५, दोन उशा घेतल्याशिवाय झोपता येत नाही असा. त्याला सपाट झोपवून पुन्हा पुन्हा श्वास रोखायला सांगणं म्हणजे त्याच्या आजारालाच परीक्षेला बसवणं झालं.

म्हणून माझं पहिलं सांगणं: श्वासावर काम करा. आमच्याकडे मशीनमधून हिंदी-इंग्रजीत रेकॉर्ड केलेला आवाज यायचा. परळीकडचे एक मामा आले होते, साठीचे, आयुष्यभर ऊसतोडीला गेलेले. आवाज समजेना म्हणून मी माइकवरून म्हटलं, "मामा, दम धरा." मामा शांतपणे श्वास घेत राहिले. तीन वेळा सांगितलं, तिन्ही इमेज वाया. बाहेर काढून विचारलं तर म्हणाले, "धरला की दम, किती येळ पडून ऱ्हायलोय!" आपल्याकडे दम धर म्हणजे थांब, घाई करू नको. मामांनी अगदी सांगितल्याप्रमाणे केलं होतं. शब्द माझा चुकला होता.

त्या दिवसापासून आम्ही वाक्य बदललं: "श्वास घ्या. पूर्ण सोडा. आता घेऊ नका." नंतर "घ्या आता." बस, एवढंच. श्वास सोडलेल्या अवस्थेत थांबवायचं, कारण तिथे डायफ्रॅम दर वेळी जवळपास त्याच जागी येतो. श्वास भरून थांबवलं तर प्रत्येक वेळी वेगळा भरला जातो आणि काप सरकतो. स्कॅनच्या आधी बाहेरच्या खुर्चीवर पाच मिनिटं सराव घ्या. पोटावर हात ठेवून बघा, घड्याळ लावा. रुग्ण सात सेकंदच थांबू शकतो हे तिथेच कळलं तर प्रोटोकॉल सात सेकंदांचा करा. अवस्था थोड्या कमी करा, पॅरलल इमेजिंग वाढवा. सात सेकंदांची स्थिर इमेज चौदा सेकंदांच्या हललेल्या इमेजपेक्षा कधीही चांगली. नातेवाइकालाही सरावाला बसवा. मुलगा म्हणाला "आण्णा, आता सोडा" की आण्णा ऐकतात.

दुसरं ईसीजीचं. तुमच्या चारपैकी किमान एखादी इमेज तरी यामुळे गेली असेल असा माझा अंदाज आहे. छातीवरचे केस काढा, घाम-तेल पुसून त्वचा कोरडी करा, मगच इलेक्ट्रोड लावा. वायरींचे वेटोळे होऊ देऊ नका, भाजण्याचा धोका असतो. रुग्ण बाहेर असताना ट्रेस बघा आणि आत गेल्यावर पुन्हा बघा. आत गेल्यावर टी लाट (आर लाटेनंतर येणारी लाट) एकाएकी उंच झालेली दिसेल. त्यात हृदयाला काही झालेलं नसतं. रक्तात विद्युतभारित कण असतात, महाधमनीतून ते जोरात वाहतात, आणि चुंबकीय क्षेत्रात वाहणाऱ्या अशा द्रवात व्होल्टेज तयार होतं. ते नेमकं टी लाटेच्या वेळी मिसळतं. मशीन त्या टी लाटेलाच आर समजलं की लाल पाळणा कधी वर, कधी खाली असताना पट्ट्या निघतात. व्हेक्टर ईसीजी (विजेची दिशाही बघून आर ओळखणारा ईसीजी) असेल तर तो वापरा. नाहीतर इलेक्ट्रोड थोडे हलवून आर उंच मिळेपर्यंत थांबा. त्यासाठी दहा मिनिटं गेली तरी जाऊ द्या. बोटाच्या पल्सवर गेटिंग (ठोक्याच्या खुणेवर इमेज घेणं) हा शेवटचा उपाय, कारण बोटापर्यंत ठोका उशिरा पोचतो.

इमेज स्थिर झाल्या की आकड्यांचा प्रश्न येतो. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण कार्डिऑलॉजिस्टचा विश्वास इथेच बसतो किंवा उडतो.

इजेक्शन फ्रॅक्शनसाठी आपण डाव्या जवनिकेचे (हृदयाचा खालचा, शरीराकडे रक्त ढकलणारा कप्पा) तळापासून टोकापर्यंत काप घेतो, प्रत्येकाची आतली कडा आखतो आणि बेरीज करतो. अडचण तळाच्या कापाची. हृदय आकुंचन पावताना झडपेची पातळी टोकाकडे सरकते, त्यामुळे प्रसरणाच्या वेळी जो काप जवनिकेत होता तोच आकुंचनाच्या वेळी कर्णिकेत (वरच्या कप्प्यात) जातो. तो मोजायचा की नाही? समजा प्रसरणाचं आकारमान १५० मिलिलीटर, आकुंचनाचं १००. म्हणजे फ्रॅक्शन ३३. आता आकुंचनाच्या वेळी तळाचा एक काप तुम्ही धरला होता, दुसऱ्यानं सोडला. साडेचार सेंटिमीटर व्यासाचा, ८ मिलिमीटर जाडीचा काप म्हणजे जवळपास १३ मिलिलीटर. १०० चे ८७ झाले, फ्रॅक्शन ४२. आयसीडी (ठोका धोकादायकपणे बिघडला तर झटका देणारं, शरीरात बसवायचं यंत्र) बसवायचं की नाही याचा विचार करताना ३५ हा आकडा बघतात. एका कापानं माणूस त्या रेषेच्या या बाजूचा त्या बाजूला गेला! काही लाखांचं यंत्र आणि त्या घराची झोप, दोन्ही त्या एका कडेवर.

म्हणून नियम लिहून भिंतीवर लावा. तळाच्या कापाचा निम्म्याहून जास्त घेर स्नायूचा दिसला तरच तो जवनिकेत धरायचा. लांब अक्षाच्या इमेजवर झडपेची रेषा तपासायची. पॅपिलरी स्नायू (झडपेच्या दोऱ्या धरणारे) आत धरायचे की बाहेर ते एकदाच ठरवायचं, मग बदलायचं नाही. पहिल्या दहा रुग्णांचे आकडे दोघांनी एकमेकांना न दाखवता काढायचे आणि मग ताडून बघायचे. शक्य असेल तर दोन-तीन स्वयंसेवकांना स्कॅननंतर टेबलावरून उतरवून, चहा पाजून, पुन्हा झोपवून सगळं पहिल्यापासून करायचं. दोन आकड्यांत जो फरक पडेल ती तुमच्या पद्धतीची खरी मर्यादा. ती माहीत असली की सहा महिन्यांनी रुग्ण परत आल्यावर "चार टक्के सुधारणा" लिहावी की "फरक नाही" लिहावं, हे तुम्हाला ठामपणे सांगता येतं.

गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट औषध) देऊन उशिराने घ्यायच्या इमेजबद्दल थोडक्यात. गॅडोलिनियम पेशींच्या आत शिरत नाही, पेशींच्या मधल्या जागेत राहतं. जिथे पेशी मेल्या किंवा व्रण झाला तिथे ती जागा मोठी असते आणि औषध रेंगाळतं, म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी तो भाग पांढरा दिसतो. रेमंड किम आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं की भिंतीच्या जाडीचा जितका जास्त भाग पांढरा, तितकी रक्तपुरवठा पुन्हा सुरू करूनही ती भिंत हलायला लागण्याची शक्यता कमी. बायपास करायचं की नाही या प्रश्नाला इतकं थेट उत्तर देणाऱ्या तपासण्या फार नाहीत. व्रण आतल्या कडेला लागून असेल तर रक्तवाहिनीचा आजार, भिंतीच्या मधोमध असेल तर कार्डिओमायोपॅथी (हृदयाच्या स्नायूचाच आजार), बाहेरच्या कडेला असेल तर मायोकार्डायटिस (हृदयाच्या स्नायूचा दाह) मनात आणायचा. तुमच्यासाठी काही सूचना. निरोगी स्नायू काळा करण्याची वेळ, म्हणजे इन्व्हर्जन टाइम, मिनिटागणिक वाढवत न्यावी लागते, सुरुवातीची वेळ शेवटपर्यंत ठेवू नका. नाडी जलद असेल तर दर ठोक्याला नाही, एकाआड एक ठोक्याला इमेज घ्या. आणि श्वास जमतच नसेल तर सिंगल-शॉट घ्या. एका ठोक्यात एक काप, थोडा धूसर, पण व्रण दिसतो. किडनीचा रिपोर्ट बघितल्याशिवाय औषध नको आणि मॅक्रोसायक्लिक प्रकारचंच वापरा.

तुमच्या मालकांना नावच करायचं असेल तर मी मॅपिंगऐवजी टी-टू-स्टार, म्हणजे हृदयातलं लोह मोजणारी तपासणी, सुचवेन. आपल्या भागात थॅलेसेमियाची मुलं आहेत, दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. प्रत्येक पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि ते बाहेर टाकायची शरीराकडे सोय नाही. ते हृदयात साठलं की एके दिवशी पोरगं अचानक हार्ट फेल्युअरमध्ये येतं. रक्तातलं फेरिटिन (लोहाच्या साठ्याचा आकडा) किंवा यकृतातलं लोह बघून हृदयाचा अंदाज येत नाही. लंडनमध्ये २००१ साली मांडलेली टी-टू-स्टारची पद्धत हे सरळ मोजते. एका श्वासात, एकाच कापावर आठ वेगवेगळ्या वेळांना इमेज घ्यायच्या आणि सिग्नल किती वेगानं मावळतो ते बघायचं. मधल्या पडद्यात मोजायचं, कारण बाजूच्या भिंतीजवळ फुप्फुसातली हवा आणि शिरा मोजमाप बिघडवतात. २० मिलिसेकंदांपेक्षा कमी आलं तर हृदयात लोह आहे, १० पेक्षा कमी आलं तर फार आहे, तातडीनं लोह बाहेर काढणारं औषध वाढवायला हवं. सुई नाही, गॅडोलिनियम नाही, सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. माझ्याकडे एक नऊ वर्षांची मुलगी येते. पहिल्यांदा आली तेव्हा आकडा ११ होता, यंदा १९ झाला. तिची आई रिपोर्ट हातात घेतल्यावर आधी तो एकच आकडा शोधते.

आता मॅपिंग. ती पद्धत चांगलीच आहे. मोली नावाचा सीक्वेन्स २००४ मध्ये आला आणि स्नायूचा टी-वन (चुंबकानं ढवळलेला सिग्नल पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) प्रत्येक बिंदूला मिलिसेकंदांत मोजता यायला लागला. डोळ्यांना व्रण दिसत नाही, पण संपूर्ण स्नायूतच तंतू वाढलेत किंवा अमायलॉइड (एक विकृत प्रथिन) साठलंय, अशा रुग्णांत त्याचा खूप उपयोग. पण टी-वनचा "नॉर्मल" आकडा पुस्तकातून घेता येत नाही. मशीन, सीक्वेन्सची आवृत्ती, सगळ्यानं तो बदलतो. स्त्रियांमध्ये तो थोडा जास्तही असतो. म्हणजे लायसन्स आल्यावर आधी तुमच्याच मशीनवर निरोगी स्त्री-पुरुषांची मोजमापं घेऊन स्वतःची पातळी ठरवायची, त्यासाठी एथिक्स कमिटीची परवानगी घ्यायची, आणि दर आठवड्याला एका फँटमवर मशीन स्थिर आहे का ते बघायचं. फँटम म्हणजे ठरावीक टी-वन असलेल्या जेलच्या बाटल्या. एका मे महिन्यात आमचा फँटम बाहेरच्या स्टोअरमध्ये राहिला आणि तसाच गरम गरम आणून स्कॅन केला. आकडे वर गेलेले बघून मला वाटलं मशीनच सरकलं. दोन दिवस रुग्णांचं मॅपिंग बंद ठेवलं. तापमानाबरोबर जेलचा टी-वन बदलतो, हे लक्षात यायला वेळ लागला. आता फँटम मशीनच्याच खोलीत राहतो आणि शेजारी थर्मामीटर असतो.

मॅपिंगमधून पेशींबाहेरच्या जागेचं प्रमाण काढतात, त्याला हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के आहेत तो आकडा) लागतं. इथे आपल्या भागाची एक खास अडचण आहे. समजा स्नायू आणि रक्ताच्या आकड्यांचं गुणोत्तर ०.४५ आलं. हिमॅटोक्रिट ४२ गृहीत धरला तर उत्तर २६ टक्के, म्हणजे नॉर्मल. पण बाई ॲनिमिक आहे, तिचा हिमॅटोक्रिट खरा ३० आहे. आता उत्तर साडेएकतीस, म्हणजे वाढलेलं. आपल्याकडे बायकांमध्ये ॲनिमिया किती आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे हिमॅटोक्रिट त्याच दिवशीचा, खरा तपासलेला हवा. अंदाजाचा आकडा भरणार असाल तर ती मोजणी करूच नका.

श्वास न रोखता करायच्या नव्या पद्धतींबद्दल मला मनापासून उत्सुकता आहे. कॉम्प्रेस्ड सेन्सिंगची कल्पना २००७ मध्ये एमआरआयमध्ये आली: इमेजमधली पुष्कळशी माहिती मुळात दाबून लहान करता येण्यासारखी असते, तर मग ओळीच थोड्या घेऊन बाकीचं गणितानं भरून काढायचं. त्यातून खऱ्या वेळेतली सिने शक्य झाली, आता त्याला एआयची जोड मिळतेय. आपल्या दम लागणाऱ्या रुग्णांसाठी यासारखं दुसरं काही नाही. मालकांना खर्च करायचाच असेल तर मॅपिंगच्या आधी या पर्यायाचं कोटेशन मागवा. फक्त, नवं आलं तरी सुरुवातीचे काही रुग्ण जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतींनी करा. गणितानं भरलेली इमेज गुळगुळीत दिसते, कडा मात्र कधी कधी पुसट होते आणि आकुंचनाचं आकारमान चुकतं.

तुमच्या प्रश्नात एक ओळ होती, की सहापैकी एका रुग्णाची नाडी अनियमित होती आणि स्कॅन पंचवीस मिनिटं जास्त चालला. त्याला बहुधा एट्रियल फिब्रिलेशन (कर्णिका अनियमित थरथरण्याचा आजार) असणार. अशा रुग्णात मशीन वेगळ्या लांबीचे ठोके टाकून देतं आणि पुन्हा घेत बसतं, म्हणून श्वास लांबतो. ती ठोके टाकण्याची मर्यादा सैल करा, रिट्रोस्पेक्टिव्ह (सलग घेऊन मागाहून ठोक्यांत लावणं) सोडून प्रॉस्पेक्टिव्ह (आर लाट आली की घ्यायला सुरुवात करणं) ट्रिगरिंग लावा आणि इमेज घेण्याची खिडकी सगळ्यात छोट्या ठोक्याच्या आत बसवा. प्रसरणाचा शेवट थोडा कापला जाईल, तसं रिपोर्टमध्ये लिहा. नाडी ११० च्या वर असेल तर त्या दिवशी स्कॅन करू नका, कार्डिऑलॉजिस्टना फोन करून नाडी आटोक्यात आल्यावर बोलवा. त्या चार हललेल्या स्कॅनपैकी सिनेच्या दोन-दोन इमेज आणि आतला ईसीजी ट्रेस, रुग्णाचं नाव काढून, इथे टाका. श्वास की गेटिंग, ते बघून सांगते.